सूनबाईने कोंडलेला सासरा

...आता मला सांगा, आतून बाहेर पडता येणार नाही असा डबा बांधायचा, आणि तो पक्का झालाय की नाही हे बघायला घरचाच सासरा आत कोंडायचा, ह्याला काय नोकरी म्हणायची? नाही, हसू नका! सव्वा महिना कोंडलं मला. रोज दुपारी, जेवण झालं की, लाकडी खुर्ची, पाठीला उशी, पुढ्यात की-बोर्ड, आणि मागे सूनबाई उभी, कमरेवर हात. "बाबा, आत बसायचं. आत वाट्टेल तो चावटपणा करा. मोडा, तोडा, पुसा. फक्त बाहेर यायचं नाही. आतला आत, बाहेरचा बाहेर. आणि आलातच बाहेर, तर कसे आलात ते मला सांगायचं." सांगायचं, बरं का! चोरानेच घरमालकाला सांगायचं, की बाई, तुमची मागची खिडकी ढिली आहे!

आता हा डबा म्हणजे पत्र्याचा नव्हे. ती त्याला कंटेनर म्हणते, मी डबा म्हणतो. तुम्हाला सांगतो, एकच मशीन असतं आणि त्यात शंभर गिऱ्हाइकांचे प्रोग्राम राहतात, चाळीत भाडेकरू राहतात तसे. पण चाळीत कसं, ह्याच्या घरची खरकटी त्याच्या दारात, त्याचं भांडण ह्याच्या कानात! इथे तसं चालत नाही. प्रत्येक भाडेकरूला वाटलं पाहिजे की अख्खं मशीन माझ्या एकट्याचं. शेजारी म्हणून कुणी जन्मालाच आलेलं नाही! आणि हे सगळं ही बया सी नावाच्या भाषेत लिहिते. कसं? तर मशीनच्या पोटात एक मुकादम बसलेला असतो. प्रोग्रामला स्वतःच्या हाताने काहीएक करता येत नाही. फाईल उघडायची, मुकादमाला अर्ज. पोर, म्हणजे आपल्या पोटचा दुसरा प्रोग्राम, जन्माला घालायचं, मुकादमाला अर्ज. त्या अर्जाला सिस्टिम कॉल म्हणतात. आणि त्यात क्लोन नावाचा एक अर्ज आहे. त्यात लिहायचं, की मुकादमसाहेब, मला एक पोर द्या, पण त्याची पाटी वेगळी, त्याची माणसांची यादी वेगळी, त्याच्या भिंती वेगळ्या. मुकादम देतो. पण जे लिहिलंय तेवढंच देतो हो! एक गोष्ट मागायची राहिली, की ती सामाईक. आमच्या छापखान्याच्या मालकासारखा. चपलांचे पैसे मागितले, छत्रीचे नाही मागितले, भीज पावसात.

हो, छापखाना. मी सातवी, आणि तीही दोनदा. पण चाळीस वर्षं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले. इंग्रजीचा अर्थ विचाराल तर ओ की ठो कळत नाही, पण टिंब कुठे, तिरकी रेघ कुठे, झोपेतून उठवा, सांगतो. म्हणून तर सूनबाईने मला धरलं. "बाबा, ऑफिसातली शिकलेली माणसं जिथून बाहेर पडायचं ठरलंय तिथूनच पडायला बघतात. मला कार्टं पाहिजे." म्हणजे मी! एकाहत्तराव्या वर्षी! आणि खोटं कशाला बोलू, कार्टा मी होतोच. व्यवस्थापकाच्या निवृत्तीची नोटीस एक वर्ष आधी छापून फळ्यावर लावली होती, तर तो गृहस्थ घरी जाऊन दोन दिवस झोपला.

घरात आम्ही दोघंच. मुलगा चार वर्षांपूर्वी गेला. कामावरून येताना. मोटारसायकल होती, रस्ता होता, ट्रक होता, बास, पुढचं विचारू नका. तेराव्या दिवशी हिचा मामा हिला न्यायला आला, पेटी भरलेली, गाडीची वेळ झालेली, आणि मामाच्या चपलाच सापडेनात! अख्खं घर पालथं घातलं. गाडी गेली. मामा माझ्या चपला घालून एकटाच गेला, एक अंगठा बाहेर. ही राहिली. का राहिली? मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आतला आत, बाहेरचा बाहेर.

तर पहिल्या दिवशी मी डब्यात शिरलो आणि म्हटलं, आधी घराची पाटी बदलू. मशीनला नाव असतं. ते बदलायचा हुकूम तिनेच शिकवला होता. मी आतून नाव ठेवलं ‘भांडकुदळ’. इंग्रजी अक्षरांत हो, एकेक खिळा जुळवल्यासारखं. तर डब्याचं नाव बदललं, आणि बाहेरच्या मशीनचंही बदललं! पाटी वेगळी मागायचीच राहिली होती ना! ऑफिसातून तिच्या चष्मेवाल्या सहकाऱ्याचा फोन, "अगं, आमच्याकडे कुणीतरी भांडकुदळ आलंय!" ती ओढणी तोंडात कोंबून हसत होती. तिला हसताना बघून मला... असो. तिने अर्जात एक शब्द वाढवला, पाटी वेगळी झाली.

दुसऱ्या दिवशी आत गेलो, तर बाहेर चाललेल्या सगळ्या कामांची यादी आतून दिसत होती! प्रत्येकाला नंबर. मी एक नंबर निवडला, देवाचं नाव घेतलं आणि मारला. ती तिकडे मशीनवरच मीटिंगमध्ये बोलत होती, "नमस्कार सर, आपला डबा आता पूर्ण सुर..." गेली मीटिंग! तीच मारली होती मी! मग तिने यादी वेगळी मागितली. आता आत नंबर एकपासून सुरू. पण ही नवी यादी आत लावली ती बाहेरच्या भिंतीवरही लागली, कारण ‘आमची लावालावी आमच्यापुरती’ हेही आधी सांगावं लागतं म्हणे. चार दिवस त्यात गेले. रोज एक फट, रोज एक शब्द, रोज चहा. तुम्हाला सांगतो, मुलगा गेल्यापासून त्या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं.

एकदा म्हणाली, "बाबा, आतला एक नंबर, म्हणजे पहिला, मेला ना, की मुकादम आतल्या सगळ्यांना त्याच क्षणी मारतो. एकालाही ठेवत नाही." मी म्हटलं, "नियम चांगला आहे." ती स्क्रीनकडे बघत राहिली, मी माझ्या बोटांकडे. आमच्या घरातला एक नंबर गेला तेव्हा आम्ही दोघं तसेच राहिलो. मुकादम विसरला बहुतेक.

मग आला सोमवार. पोळी वाढता वाढता म्हणाली, "बाबा, तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी साहेब बघणार आहेत. डबा टिकला तर मला मुख्य कचेरीत घेतायत. टीमची प्रमुख म्हणून."

"वा! कुठं आली ही कचेरी?"

"नऊ तासांवर."

"आणि राहायचं?"

"कंपनीची खोली आहे. एकटीपुरती." मग पटकन, "मी येईन ना महिन्यातून एकदा. तुम्ही म्हणाल तर..."

"तर काय? जा की! मी काय कुक्कुलं बाळ आहे? उलट बरं, तुझ्या हातचं अळणी वरण सुटलं!" असं मी म्हणालो. मोठ्यांदा म्हणालो. आणि वाटीतलं वरण सगळं प्यालो, अळणी.

आणि दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, ती दळण आणायला गेली असताना... मला ती फट सापडली.

काय सांगू तुम्हाला! तसा मी नुसता रिकामटेकडा फिरत होतो डब्यात. प्रोग्रामच्या हातात कुठल्या कुठल्या फायली उघड्या आहेत, ते दाखवणारी एक जागा असते. शून्य, एक, दोन, हे नेहमीचे, सगळ्यांकडे असतात. पण इथे तीन होता! हा तीन कुठला पाहुणा? बघतो तर त्याच्यापुढे बाण, आणि बाणापुढे बाहेरच्या फोल्डरचं नाव! काय झालं होतं, तर मी आत काय काय टाइप करतो ह्याची नोंद ठेवायला तिच्या प्रोग्रामने बाहेर एक फोल्डर उघडलं होतं, आणि ते मिटण्याआधीच पोर जन्माला घातलं होतं. पोर जन्मलं ते बापाच्या हातातली किल्ली मुठीत धरूनच! भिंती बांधल्या, पाटी बदलली, यादी बदलली, आणि किल्ली पोराच्या मुठीत तशीच! मी तीन लिहिला, तिरकी रेघ, दोन टिंबं, तिरकी रेघ, दोन टिंबं... प्रत्येक दोन टिंबांना एकेक मजला वर. आणि झालो की हो बाहेर! अख्खं मशीन समोर! तिचे कागद, तिची पत्रं, कोपऱ्यात मुलाच्या नावाचं एक फोल्डर, ते मी उघडलं नाही, शपथ.

खाली दाराची कडी वाजली. ती आली, दळणाचा डबा खाली ठेवला, कपाळावर पीठ. "काय बाबा, सापडलं काही आज?"

आता इथे एक साधा शब्द होता. ‘हो’. तो म्हटला असता तर तिने एक शब्द वाढवला असता, चहा केला असता, आणि तीन आठवड्यांनी गेली असती.

मी म्हटलं, "छे! आज काही नाही. पक्कं बांधलंयस."

ती खूश झाली हो. पीठ पुसायचंही विसरली.

मग रोज तेच. "काय बाबा, सापडलं?" "छे!" रोज खुर्चीत बसायचं, जुन्या वाटांना धडका मारायच्या, हरल्याचा आव आणायचा, आणि ती मुठीतली किल्ली... आतला आत. वापरायची आहे असं माझं मुळीच नव्हतं! नुसती असू दे म्हटलं. म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी काठी असते की नाही? कुणाला मारायला थोडीच असते?

शनिवार उजाडला. कचेरीत काचेची खोली, मधे लांब टेबल, गार वारा नाकात. साहेबाचं नाव मी ठेवलं होतं ‘पुढे-बोला’. कारण त्याला काहीही सांगा, घर जळालं सांगा, तो भुवया न हलवता म्हणतो, "पुढे बोला." शेजारी तो चष्मेवाला. सूनबाई इस्त्रीच्या कपड्यांत, हात टेबलाखाली. मला कळलं, नखं कुरतडतेय.

"आजोबा," पुढे-बोला म्हणाला, "या बरं बाहेर."

मी पाटी बदलली. आतल्या आत बदलली, बाहेर ढिम्म. "पुढे बोला." माणसांची यादी मागवली, आतलीच तीन आली. "पुढे बोला." पोरांना पोरं, त्यांना पोरं, अशी मशीन गुदमरवायची युक्ती केली, ठरलेल्या आकड्याला मुकादमाने पोरं थांबवली. भिंतीवर चढलो, पडलो. तुम्हाला सांगतो, असा बांधलेला डबा मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि मी तिच्याकडे बघितलं. तिचे हात टेबलावर आले होते. चार वर्षांत प्रथमच ती खांदे खाली टाकून बसली होती. पुढे-बोलाने पेनाचं टोपण काढलं.

आणि मला दिसलं आमचं घर. ती गेल्यावरची सकाळ. एक ताट.

माझी बोटं आहेत ना ही, चाळीस वर्षं ह्यांना सवय, डोक्याला विचारायचं नाही. तीन. तिरकी रेघ. दोन टिंबं. तिरकी रेघ. दोन टिंबं...

अख्खं मशीन भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उघडं पडलं. गिऱ्हाइकांची नावं, किल्ल्या, सगळं. चष्मेवाला खुर्चीतून अर्धा उठला आणि अर्धाच राहिला. पुढे-बोलासुद्धा ‘पुढे बोला’ म्हणेना!

सूनबाई उठली. रडली नाही, ओरडली नाही. "बाबा, जरा सरका." खुर्चीत बसली. नोंदींचं फोल्डर उघडलं, मी कसा बाहेर आलो ते बघायला. वाचत गेली, वर वर सरकवत गेली. एका जागी थांबली, तिथे जरा जास्तच वेळ थांबली. मग सी मधल्या त्या ओळीवर गेली जिथे फोल्डर उघडलं होतं, आणि एक शब्द वाढवला, की आतला प्रोग्राम सुरू होताना ही मूठ आपोआप उघडायची. एकच शब्द! मशीनने दोन मिनिटं दळलं. "बाबा, परत करा."

मी केलं. तीन नव्हताच. धडकलो. परत धडकलो. नाही.

पुढे-बोलाने घड्याळ बघितलं आणि, देवा रे, तो हसला! "अकरा मिनिटं! बाई, डबे सगळेच बांधतात. आमच्यासमोर फुटला, आणि हात न थरथरता अकरा मिनिटांत सांधला... मला हेच माणूस पाहिजे होतं. पुढच्या महिन्यात कशाला, ह्या सोमवारीच या. आणि आजोबा, तुमचे उपकार! तुम्ही फोडला नसतात तर मी दोन महिने विचार करत बसलो असतो!"

दोन महिने! ऐकलंत? दोन महिने तिला तसेच मिळत होते मला! ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. टाळ्या वाजल्या हो. माझ्यासाठी पण वाजल्या. मी हात जोडले.

बाहेर बसथांब्यावर आम्ही दोघं. ती पाटीकडे बघत म्हणाली, "ही वाट कधी सापडली?"

"कधी म्हणजे... आत्ताच. सुचली एकदम. म्हटलं गंमत..."

"तुम्ही जे टाइप करता त्याची तारखेसकट नोंद होते, बाबा. त्याच फोल्डरमधून तर बाहेर आलात. मंगळवार. मी दळण आणायला गेले होते." बोटांवर मोजलं नाही तिने, आधीच मोजलेलं होतं. "एकोणीस दिवस."

मी विनोद शोधला. तुम्हाला सांगतो, सगळ्या खिशांत शोधला. नव्हता.

"मामा आला होता तेव्हाही," ती म्हणाली, "तुम्ही ‘जाऊ नकोस’ म्हणाला नाहीत. चपला लपवल्यात. पाण्याच्या टाकीमागे."

"तुला... माहीत होतं?"

"मला पाच मिनिटांत सापडल्या होत्या. मीच परत तिथे ठेवल्या." बस आली, तिने हात केला. "म्हणायचं होतंत की हो, बाबा. त्या सोमवारी पोळी वाढत होते, तेव्हा मी थांबले होते. तुम्ही म्हणाल म्हणून वाक्य अर्धं सोडलं होतं. तुम्ही अळणी म्हणालात."

बसमध्ये जागा एकच होती. तिने मला बसवलं आणि स्वतः दांडा धरून उभी राहिली, पाठ करून.

सोमवारी गेली. चपला जागेवर होत्या. कुणी लपवल्या नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा एकटा पडला, बसला असेल भिंतीकडे बघत. कुठलं नशीब! आठ दिवसांत कंपनीचा माणूस नवं मशीन घेऊन दारात. पुढे-बोलाचं पत्र: ‘आजोबा, तुमच्यासारखा फोडणारा माणूस आम्हाला मिळणार नाही. घरूनच करा.’ म्हणजे बघा, ती तिकडे नऊ तासांवर डबे बांधते, आणि मी इकडे रोज दुपारी त्याच खुर्चीत, उशी पाठीला लावून, त्यात शिरतो. आतला आत, बाहेरचा बाहेर. आणि संध्याकाळी एक तक्ता भरून पाठवायचा. तारीख. किती वेळ आत होता. फट सापडली का. शेवटी शेरा. तो तिच्याकडे जातो. ती वाचते आणि खाली लिहिते ‘ठीक’. फोन येतो रविवारी, नाही असं नाही. "जेवलात?" "जेवलो." "औषध?" "घेतलं." "बरं."

तीन महिने झाले. काय नाही केलं मी! पाटी, यादी, भिंत, मुठी... आत बाराशे वेळा मुठी तपासल्या, सगळ्या रिकाम्या! अहो, कशी सापडणार? होत्या नव्हत्या त्या सगळ्या फटी मीच बोट ठेवून दाखवल्या, तिने एकेक शब्दाने बुजवल्या! मला जे जे सुचतं ते तिला आधी सुचलेलं असतं. तक्रार कुणाकडे करू?

परवा मात्र राहवलं नाही. तक्ता भरला. तारीख लिहिली. दोन तास दहा मिनिटं. फट सापडली का, नाही. आणि शेऱ्याच्या रकान्यात, चाळीस वर्षं दुसऱ्यांचं जुळवलं ना, त्या दिवशी स्वतःचं जुळवलं. दोनच शब्द. ‘परत ये.’

पाठवला. बसून राहिलो. अर्ध्या तासाने उत्तर आलं.

‘बाबा, हा रकाना सगळे वाचतात. इथे फक्त फटी लिहायच्या.’

...बरोबरच आहे तिचं. खोडलं. आणि लिहिलं, ‘काम पक्कं आहे. कुठूनही आत यायला जागा नाही.’

तिने लिहिलं, ‘ठीक.’